देवाच्या दुधात पाणी

घाटाखालच्या डेअरीत दूध घेणारा माणूस प्रत्येक कॅनमध्ये पाणी ओळखायची कांडी बुडवून बघतो. आमच्या गेळंब्याचा, घाटावरच्या या वाडीचा, कॅन आला की कांडी बाजूला ठेवतो. हे फुकटचे कौतुक नाही, पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले आहे. आमच्या सड्यावरचा, या कातळाच्या पठारावरचा, गवळी एक वेळ उपाशी झोपेल, पण दुधात पाण्याचा थेंब घालणार नाही. पूर्वी कुणी घातलाच, तर त्याची कासंडी देवासमोर फोडत. कासंडी म्हणजे धार काढायचे मातीचे भांडे. ती फुटली की त्या हाताचे दूध पुन्हा कुणी घ्यायचे नाही. गवळ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

आणि याच गेळंब्यात वर्षातून एकदा, भर दिवसा, सगळ्या वाडीच्या देखत, देवाच्या दुधात पाणी घालतात.

दसरा झाला की सड्यावर पहिली म्हैस कुणाची विते याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. ज्या घरची व्याली, त्या घरी गवळदेवाचा खरवस. गवळदेव म्हणजे हा समोरचा शेंदराचा दगड. छप्पर नाही, घंटा नाही, पुजारी तर नाहीच नाही. म्हशीचा पहिला चीक काढतात, गूळ घालतात, भांडे वाफेवर चढवतात. आणि झाकण ठेवायच्या आधी त्या घरातली सगळ्यांत थोरली बाई या झऱ्याचे तांब्याभर पाणी आणून त्यात ओतते. एवढे पाणी पडल्यावर खरवस बसेल कसा? बसत नाही. पातळ राहतो, फुटतो, पळीने वाढावा लागतो. तसाच देवाला दाखवतात आणि तसाच हातावर घेऊन सगळे खातात.

बाहेरून येणारी माणसे तोंडे वाकडी करतात. गेल्या वर्षी एक जण म्हणाला, "आजी, तुमच्या बायकांना खरवस जमत नाही वाटतं." जमतो बाबा. घरी चल, अशी वडी देते की सुरीला चिकटणार नाही. हा देवाचा आहे. त्याला कारण आहे. कारण ऐकायचे तर पायातले काढून या धोंडीपाशी बसायचे.

ही धोंड बघा. काळा कातळ, कमरेएवढा उंच, माथा बसायला सपाट, आणि माथ्यापासून पार खालपर्यंत पांढरे ओघळ. कॉलेजची मुले येऊन खरवडून बघतात आणि चुनखडी आहे म्हणतात. असेल. हिला आम्ही चिकाची धोंड म्हणतो, आणि खरवसाची गोष्ट हिच्यापासूनच सुरू होते.

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा सड्यावर रस्ता नव्हता, डेअरी नव्हती. बाया लोण्याची गाडगी डोक्यावर घेऊन घाट उतरत. त्या काळी गेळंब्यात अशी रीत होती म्हणे, की बाळंतिणीचे पहिले दूध मुलाला द्यायचे नाही. पहिले दूध पिवळसर असते, घट्ट असते, बोटाला चिकटते. तोही चीकच, बाईचा. पण लोक म्हणत, हे नऊ महिने छातीत तुंबलेले शिळे दूध, पोराच्या पोटात गेले तर पोर हातचे जाईल. म्हणून पाचवी पुजेपर्यंत पोराच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा द्यायचा. कापसाची वात करून पाण्यात भिजवायची आणि ओठांवर टेकवायची, झाले. आणि आईचा चीक वाटीत पिळून या धोंडीवर ओतून यायचे. सासूने यायचे. वाटी उपडी करायची आणि मागे न बघता परतायचे.

आता हीच माणसे म्हैस व्याली की काय करत, तेही ऐका. पारडू भुईवर पडले रे पडले, की त्याला उचलून कासेला लावत. उभे राहता येईना तर मांडीवर घेत, सड बोटांनी धरून तोंडात देत. चीक पोटात गेल्याखेरीज पारडू तगत नाही, हे गेळंब्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पारडाचे पोट भरले की उरल्या चिकाचा खरवस, आणि त्यात पहिला मान देवाचा. म्हशीचा चीक देवाला, आणि बाईचा दगडावर. एका छपराखाली, एकाच हाताने, एकाच सकाळी या दोन्ही गोष्टी होत आणि कुणाला त्यात खोट दिसत नसे. सड्यावर पारडी जगत आणि पोरे मरत. मेलेल्या पोराबद्दल बोलायचे तर म्हणत, सटवाईने कपाळी लिहिलेच नाही. सटवाई पाचवीला लिहायला येते. पाचवीपर्यंत पोर उपाशी ठेवले तर ती लिहिणार कुणाच्या कपाळी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

ती छाती एका बाईला झाली. तिचे नाव राही.

राही कोंडाईची सून. कोंडाई म्हणजे सड्यावरची मोठी बाई. तिच्या म्हशी चांगल्या, तिचे लोणी चांगले, आणि खरवस तर असा की तो फसलेला कुणी पाहिला नव्हता. देवाचा खरवस कुणाच्याही घरचा असो, चुलीपाशी कोंडाईलाच बोलवत. दुधात पाणी घालणे तर सोडाच, तिच्या गोठ्यात पावसाचा थेंब कासंडीत पडला तर ती अख्खी कासंडी कुत्र्याला घाली. अशी बाई. तिनेही आपली लेकरे पुरली होती. किती, ते ती कुणाला सांगत नसे.

राहीची दोन गेली होती. दोन्ही पाचवीच्या आत. दोन्ही वेळा कोंडाई वाटी घेऊन धोंडीवर येऊन गेली होती. दोन्ही वेळा पोर आधी रडले, मग कमी रडले, मग गप झाले. राहीने ते शेजारी पडून ऐकले होते.

तिसऱ्या खेपेला असे झाले, की कार्तिकातल्या एका सकाळी राही बाळंत झाली आणि त्याच सकाळी त्याच घरात भोरी म्हैस व्याली. दसऱ्यानंतरची पहिली म्हैस. जुन्या घरात माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली असत, मध्ये कारवीचा कूड. कुडाच्या अलीकडे राही, पलीकडे भोरी. राहीला मुलगी झाली. पुरुषमाणसे ही गोष्ट सांगताना मुलगा झाला म्हणून सांगतात. त्यांना सांगू दे. मुलगी झाली.

भोरीचे पारडू नाजूक होते. मान धरीना. राहीला कुडापलीकडून सासूचा आवाज ऐकू आला. कोंडाई पारडाला मांडीवर घेऊन बसली होती आणि म्हणत होती, "पी गं माजे बाय, पी. योक घोट गिळ. ह्यो चीक पोटात गेला म्हंजे यम आला तरी माघारी जाईल. पी."

असे गोड बोलणे राहीने सासूच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. थोड्या वेळाने पारडाच्या चोखण्याचा आवाज आला. मग कोंडाई हात पुसत अलीकडे आली. हाताला अजून चिकाचा वास. त्या हातात वाटी.

"चल, पिळून दे. धोंडीवर टाकून येते."

राही पोरीला घेऊन उठून बसली. "आत्या, आत्ता पारडाला काय म्हनत हुतासा?"

"काय म्हनत हुते? पी म्हनत हुते."

"मग माज्या लेकीनं काय घोडं मारलंय?"

"तुजं शिळं हाय. नऊ म्हैनं छातीत ऱ्हायलेलं."

"आन् भोरीचं? त्ये तर दहा म्हैनं कासंत हुतं. त्येचा देवाला निवद."

"ती म्हस हाय."

"मंग म्या म्हशीपरास वंगाळ हाय व्हय?"

 कोंडाई वाटी तिथेच ठेवून बाहेर गेली आणि जानबाला बोलावून आली. सासूला उत्तर सुचले नाही की ती कारभाऱ्याला बोलावते, ही रीत तेव्हाही होती. जानबा वाडीचा कारभारी. म्हातारा, मोजके बोलणारा, पण त्याचा शब्द पडला की पडला. त्याच्या मागून बायाबापड्या आल्या. अंगण भरले. राहीचा नवरा बिरू तिथेच होता असे सांगतात. त्याने काय केले ते कुणी सांगत नाही, तेव्हा काही केले नसावे.

राहीने पोरीला पदरात गुंडाळले आणि ती उंबऱ्याबाहेर आली. त्याच दिवशीची बाळंतीण. बाया बाजूला सरकल्या, तिची सावली नको म्हणून. ती त्यांच्यामधून चालत वाडीबाहेर आली आणि या धोंडीवर चढून बसली. जिथे तिचा चीक दोनदा ओतला होता, तिथे. मग अख्खी वाडी तिच्या मागे इथे आली.

कुणीतरी मागून म्हणाली, "लेकीसाठी येवढा तमाशा. ल्योक असता तर काय केलं असतं?"

राही म्हणाली, "तुजी आय ल्योक हुती व्हय गं?"

मग तिने देवाकडे हात केला आणि आण घातली. ती अशी: "माज्या लेकीच्या तोंडात माजा चीक पडस्तवर ह्या देवाला म्हशीचा चीक न्हाई. माजं शिळं तर भोरीचं बी शिळं. आना भोरीचा चीक आन् वता हितंच, माज्या मांडीशेजारी. न्हाई वतायचा तर मला पाजू द्या. गवळदेवाची आन हाय."

 भोरीचा चीक देवाचा होता. तो त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत देवाला पोचायला हवा होता. न पोचला तर दुसऱ्या दिवशी म्हशी रानात सोडायच्या नाहीत असा नेम. आणि आण मोडायची तर तीही देवाचीच.

 जानबा म्हणाला, "देवाला देवाचीच आन घातलीस. बरं. मंग त्योच सांगंल. कोंडाई, भोरीचा चीक चुलीवर चढव. निवद दावायचा न्हाई, निस्ता शिजवायचा. खरवस बसला तर देव म्हनतो जुनी रीत खरी, पोर पाचवीपतूर बोळ्यावर ऱ्हाईल. न्हाई बसला तर राहीची आन खरी. तवर पोर राहीजवळ नगं. कोंडाईच्या वटीत दे."

सगळ्यांना हे पटले. पटायला काय जाते? कोंडाईच्या हातचा खरवस जन्मात फसला नव्हता. कौल लावायच्या आधीच लागलेला होता. राहीलाही ते कळत होते. पण आण तिनेच घातली होती. पोर तिच्या हातातून घेतली गेली आणि ती रिकाम्या हातांनी धोंडीवर बसून राहिली. उतर म्हटले तरी उतरेना.

खरवस वाफेवर शिजतो. मोठ्या भांड्यात पाणी उकळायचे, त्यात चिकाचे भांडे ठेवायचे, वर झाकण. त्या पाण्यासाठी कोंडाई पोरीला काखेत मारून झऱ्यावर आली. झरा हा, धोंडीच्या पायाशी. दोघी सासू-सुना एकमेकींपासून हाताच्या अंतरावर. वाडीची माणसे पलीकडे देवापाशी बसलेली. त्या वेळी दोघींत झालेले बोलणे बाया अजून सांगतात. एवढेच आहे.

राहीने विचारले, "रडतीया का?"

"न्हाई."

"मंग?"

"गप पडलीया."

 कोंडाईने कळशी भरली. आणि मग, असे सांगतात, तिने तांब्याही भरला. वाफेला कळशी पुरते. तांब्या कशाला, ते तिलाही तेव्हा ठाऊक नसेल कदाचित.

देवाचा खरवस शिजत असताना आत दुसऱ्या कुणी यायचे नाही. कोंडाई एकटी, चूल, आणि मांडीवर ती पोर. पाण्याला आधण आले. चिकात गूळ विरघळला. मध्ये तिने पोरीच्या ओठांवर बोळा टेकवला. पोरीने ओठ हलवले नाहीत. गुळाचे पाणी गालावरून ओघळून गेले. कोंडाईने या आधी हे पाहिले होते. सुनेच्या दोघांच्या वेळी पाहिले होते आणि स्वतःच्याही वेळी. यापुढे काय होते ते तिला पाठ होते.

आणि मग पोरीने मान वळवली. डोळे मिटलेले, अंगात जोर नाही, पण मान वळवली आणि म्हातारीच्या लुगड्यात तोंडाने चाचपू लागली. कासेखाली पारडू चाचपते तशी. कोंडाईने तिला सरळ केले. ती पुन्हा वळली. पुन्हा सरळ केले, पुन्हा वळली. शेवटी पोरीला लुगड्याआड सापडले आणि तिने त्या कोरड्या छातीला तोंड लावले.

काही जणी सांगतात की म्हातारीला पान्हा फुटला. मला ते खरे वाटत नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही. छाती कोरडीच राहिली. पोरीने चोखले, काही आले नाही, आणि तिने एकदाच टाहो फोडला. होते नव्हते ते सगळे त्या एका रडण्यात घातले. ते रडणे वाडी ओलांडून इथवर आले. आणि धोंडीवर बसलेल्या राहीला ते ऐकताच पान्हा आला. चोळी भिजली, लुगडे भिजले, दूध धोंडीवरून खाली ओघळले. हे पांढरे ओघळ त्याचे, असे सांगतात. आधी ओतलेला चीक पावसाने धुऊन जाई. हे ओघळ गेले नाहीत.

आत कोंडाईने तांब्या उचलला आणि देवाच्या चिकात ओतला.

जिच्या गोठ्यात पावसाचा थेंबही चालत नसे, त्या बाईने ओतला.   मग तिने झाकण ठेवले आणि चूल शांतपणे जाळत राहिली. नेहमी जेवढा वेळ लागे तेवढाच वेळ तिने लावला.

दिवस कलला तेव्हा ती भांडे घेऊन बाहेर आली आणि देवासमोर ठेवून उभी राहिली. एका काखेत पोर. जानबाने झाकण उचलले. आत वडी नव्हती. पिवळसर पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या गाठी. बसलेल्यांतून एक हुंकार उठला आणि विरला. कोंडाईचा खरवस फसलेला पहिल्यांदाच दिसत होता.

जानबाने भांड्यात बोट बुडवले आणि जिभेवर ठेवले.

आता इथे जरा थांबते, कारण बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. गवळ्याच्या जिभेला दुधातले पाणी कळते. डोळे बांधून चटवा, तरी सांगेल. डेअरीच्या कांडीला चुकता येईल, त्या जिभेला नाही. आणि जानबा तर वाडीतला सगळ्यांत जुना गवळी. त्याला कळले. त्याने मान वर करून कोंडाईकडे पाहिले. कोंडाईने नजर खाली घातली नाही. बघ म्हणाली, जणू. आता तू काय करतोस ते बघ.

जानबाने एक शब्द उच्चारला असता तर कोंडाईची कासंडी तिथेच फुटली असती आणि पोर बोळ्यावर गेली असती. तो शब्द त्याच्या जिभेवर होता, पाण्याच्या चवीशेजारीच. पण त्याच्याही घरातून वाट्या या धोंडीवर आल्या होत्या. त्याच्या बायकोने त्या पिळून दिल्या होत्या आणि त्याच्या आईने ओतल्या होत्या.

"बसला न्हाई," जानबा म्हणाला. "राहीची आन खरी. चाखून बगा ज्येला बगायचं त्येनं."

आणि त्याने पळी फिरवली. सगळ्यांच्या हातावर थोडे थोडे. सगळ्यांनी चाटले. सगळे गवळी. सगळ्यांना कळले. एक म्हातारा तोंड उघडून म्हणाला, "अरं, ह्यात तर..."

त्याची बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "गिळा गुमान."

त्याने गिळले. सगळ्यांनी गिळले. लोक म्हणतात, खरवस बसला नाही हा चमत्कार. त्यात कसला चमत्कार? तांब्याभर पाणी पडले तर कुणाचाच बसणार नाही. प्रत्येकाच्या जिभेला कळले आणि एकाही जिभेने सांगितले नाही, चमत्कार असेल तर तो हा आहे. असा गेळंब्यात आधी झाला नव्हता, आणि पुन्हा होईल असे मला तरी वाटत नाही.

कोंडाई धोंडीपाशी आली. पोर राहीच्या मांडीवर ठेवली, आणि तिचे तोंड स्वतःच्या हाताने सुनेच्या छातीला लावले, सकाळी पारडाचे कासेला लावले होते तसे. म्हणाली, "पाज बाय." पुरुष पाठ फिरवून उभे राहिले. पोरीला आधी धरता येईना, तोंडातून निसटे. कोंडाई बोटांनी धरून देत राहिली. मग पकड बसली, आणि पोरीच्या गळ्यातून घोट उतरल्याचा आवाज शेजारच्या बायांना ऐकू आला म्हणे. मग दुसरा. मग त्यांनी मोजणे सोडले. कारण त्यांतल्या कितीतरी जणी रडू लागल्या होत्या, आणि त्या राहीच्या पोरीसाठी रडत नव्हत्या.

पोर जगली. पाचवीला सटवाई आली असेल तर तिला लिहायला कपाळ मिळाले. पोरीचे नाव धोंडी ठेवले. आज सड्यावरच्या अर्ध्याअधिक घरांची ती आई आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. संपवतात, पण संपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाई आपली कासंडी घेऊन देवापाशी आली आणि तिने ती स्वतःच्या हाताने फोडली. कुणी का म्हणून विचारले नाही. त्या दिवसापासून तिने धार काढली नाही, दुधाला हात लावला नाही. राही म्हणायची, "आत्या, कुनी काय म्हनत न्हाई तुमास्नी." कोंडाई म्हणायची, "म्या म्हनते की." ज्या बाईला सगळी वाडी खरवसासाठी बोलवायची, ती दुसऱ्याच्या गोठ्यावरून जाताना मान खाली घालून जाऊ लागली. तिने केलेले तिला चूक वाटत नव्हते, हे नीट ध्यानात घ्या. पुन्हा वेळ आली असती तर तिने पुन्हा तांब्या ओतला असता. पण गवळ्याच्या बाईने दुधात पाणी घातले होते, आणि ते तिच्या एकटीच्या हाताने घातले होते.

वर्ष गेले. पुढच्या दसऱ्यानंतर पहिली म्हैस व्याली ती जानबाची. जानबाने कोंडाईला बोलावणे धाडले. ती आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "माजा हात ह्या दुधाला लागू दिऊ नगासा. तुमास्नी ठावं हाय."

"ठावं हाय," जानबा म्हणाला. देवाचे दूध आणि पाणी याबद्दल वर्षभरात उघडपणे बोलला गेलेला हा पहिला शब्द.

तेव्हा जानबाची बायको उठली. तिचे नाव कुणी सांगत नाही, ते राहिले नाही. ती वाडीतली सगळ्यांत थोरली. तिने तांब्या घेतला, झऱ्यावर आली, भरला, आणि सगळ्या वाडीच्या देखत, उघड्या भांड्यात, देवाच्या चिकात ओतला. म्हणाली, "आता माजी बी कासंडी फोडा."

कोण फोडणार? आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या घरच्या थोरलीने ओतला, मग तिसऱ्या घरच्या. ज्या घरचा मान, त्या घरच्या म्हातारीने तांब्या ओतायचा, म्हणजे तो पहिला तांब्या कुणाच्या हातचा हे कधी वेगळे काढता येऊ नये. कोंडाईचा हात मग एकटा राहिला नाही. तिने त्या वर्षी पुन्हा धार काढली असे सांगतात. नवी कासंडी जानबाच्या घरून आली होती.

तेव्हापासून ही रीत आहे. आजही सड्यावर बाळ जन्मले, की सासू त्याला पहिल्यांदा आईच्या अंगावर लावते आणि "पाज बाय" म्हणते. त्याआधी घरात कुणाच्या तोंडात चहाचा घोटही जात नाही. धोंडीवर आता चीक ओतत नाहीत, तिथे बाया बसतात. सव्वा महिना झाला की पोराला घेऊन येतात, पाजतात आणि जातात. आणि धोंडीची एक अट आहे: तिच्यावर पोर घेऊन बसलेल्या बाईला कुणी शहाणपण शिकवायचे नाही. खालच्या गावची एक सून मागे आली होती. तिला दूध येत नव्हते, सगळे उपाय करून झाले होते, डॉक्टरांनी डब्याचे सुरू केले होते. ती बाटली पदराआड लपवून बसली. मी तिला म्हटले, बाहेर काढ ती. पोर उपाशी राहू नये म्हणून एका म्हातारीने देवाच्या दुधात पाणी घातले, त्या जागी बसून तू पोराचे पोट भरायला लाजतेस? तिने काढली. पोराने डोळे मिटून सगळी संपवली. धोंडीला काही झाले नाही.

तर असे आहे. तुम्ही आज आलात ते बरे झाले, आज देवाचा दिवस आहे. तो बघा धूर. थोरली बाई आत्ताच झऱ्यावरून तांब्या भरून गेली, तुमच्या समोरून. आता पळी फिरेल. उजवा हात पुढे करा, खाली डावा धरा, सांडू नका. जिभेला पाणी लागेल. तुमच्यासारख्यांनाही कळेल, एवढे लागते.

लागले तर बोलायचे नाही. गिळा गुमान.